कापसाचे वर्ष आणि पगाराचे कॅलेंडर

जळगाव जिल्ह्याच्या बोदवड तालुक्यातल्या कोरडवाहू कापसाच्या घरात मोठा पैसा वर्षातून एकाच हंगामात येतो. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, शेवटची संक्रांतीच्या आगेमागे. खर्चाला मात्र असा हंगाम नाही. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते आणि उचलही तेव्हाच द्यावी लागते. मृगाआधी बियाणे आणि खत, जूनमध्ये पोरांची फी, पुढे निंदणी-फवारणीची मजुरी. घरखर्चाचे नियोजन शिकवणारी व्याख्याने पगारापासून सुरू होतात: महिन्याला इतके टक्के बाजूला टाका, हप्ता पगाराच्या इतक्याच भागाचा ठेवा. ज्या घरात सात-आठ महिने हाती पगार नाही, त्याने टक्के कशाचे काढायचे?

माझे म्हणणे असे की, या घरांची अडचण रकमेइतकीच तारखांची आहे. शेतकऱ्याला उधळ्या किंवा अडाणी ठरवण्याआधी विमा, कर्ज आणि बँकेच्या तारखा कोणाच्या सोयीने ठरल्या, ते पाहावे.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचेच बघा. वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण. घरचा कर्ता माणूस गेला तर एवढ्या स्वस्तात एवढा आधार दुसरीकडे मिळत नाही. पण या विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. कापूसवाल्याचे खाते वर्षात सर्वांत रिकामे कधी असते? नेमके मे अखेरीस, बियाण्याच्या खरेदीत. शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. नंतर पुन्हा सहभागी झाले, तरी पहिले 30 दिवस अपघात सोडून अन्य कारणाने आलेल्या मृत्यूला संरक्षण नसते. म्हणजे फवारणी आणि सर्पदंशाच्या पावसाळ्यात पाऊल टाकताना हे घर विम्याविना असू शकते. 436 रुपये परवडत नाहीत म्हणून हे घडत नाही. डिसेंबरात मागितले असते तर त्याच माणसाने ते सहज दिले असते.

पीक कर्जाची तारीख याहून कठोर आहे. विकास सोसायटीचे कर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलती मिळून तीन लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत गेली आणि खाते थकबाकीत. मुदतीचा 31 मार्च जवळ येतो तेव्हा कापसाचा पैसा लग्नसराईत, उधारी फेडण्यात वाटला गेलेला असतो. त्यात कर्जमाफीची आशा. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि 2019 ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना या दोन्हींचा मुख्य लाभ थकबाकीदाराला झाला. नियमित भरणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून आधी पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतर पन्नास हजारांपर्यंत रक्कम देऊ केली गेली. ज्याने बायकोचे दागिने गहाण टाकून 31 मार्च गाठला, त्याला यातून काय संदेश गेला असेल? तरीही मी भरण्याच्याच बाजूचा आहे. माफी कधी, किती आणि कोणाला, हे मंत्रालयात ठरते. थकबाकीची नोंद मात्र लगेच होते आणि पुढच्या खरिपात नवे कर्ज अडले, की कृषी केंद्राची चढ्या दराची उधारी किंवा सावकार एवढेच दरवाजे उरतात.

यावर कोणी म्हणेल, हिवाळ्यात आलेला पैसा मेपर्यंत राखावा, त्यात अवघड काय? राखावा, पण कुठे? घरातली रोकड नातलगांच्या अडचणीपुढे टिकत नाही. कापूसच घरात साठवावा, तर तो सट्टा होतो. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला बारा हजारांच्या वर गेला. ते पाहून पुढच्या हंगामात असंख्य घरांनी माल रोखून धरला, भाव उतरत गेले आणि अंगाला खाज आणणारा तो कापूस उन्हाळ्यात पडत्या भावाने द्यावा लागला.

पैसा राखण्याच्या या गरजेची जाण जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांना होती. एजंट दारात यायचा, रोजची अल्पबचत घ्यायचा, हंगामाची रक्कम बँकेपेक्षा जास्त व्याजाने ठेवून घ्यायचा, आणि माणूस ओळखीचा असायचा. लोभामुळे लोक तिकडे गेले, एवढेच म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. ती व्यवस्था त्यांच्या वर्षाला जुळणारी होती. म्हणूनच तिचे कोसळणे इतके खोल लागले. 2015 साली भाईचंद हिराचंद रायसोनी या जळगावच्या मल्टिस्टेट पतसंस्थेच्या संस्थापकाला आणि संचालकांना अटक झाली, ठेवी अडकल्या, पुढे अवसायक आला. बँकेतल्या ठेवीला, जिल्हा आणि नागरी सहकारी बँकांसह, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. 2020 पासून ते एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. दोन्हीकडे पावती मिळते, शिक्का मिळतो, काउंटरही सारखेच दिसते. फरक कळतो तो संस्था बुडाल्यावर.

कर वाचवण्यासाठी म्हणून मार्चमध्ये गळ्यात मारल्या जाणाऱ्या पॉलिसीबद्दल थोडक्यात. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ज्या घराला कर लागतच नाही, त्याने तो वाचवायला वीस वर्षांचा हप्ता का बांधून घ्यावा? पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानेही नवी करप्रणाली घेतली असेल, तर तिथे हप्त्याची वजावट मिळत नाही. दुष्काळी वर्षी असा हप्ता तुटतो आणि भरलेल्यातले बरेच जाते. त्यापेक्षा साधा मुदत विमा घ्यावा, हप्ता वार्षिक ठेवावा आणि पॉलिसी डिसेंबर-जानेवारीत सुरू करावी, म्हणजे दरवर्षीची तारीख कापसाच्या पैशावर येते.

घराच्या हाती एवढे आहे: कापसाचे पैसे जमा झाले की आधी सोसायटीचा हिशेब, मग जीवन ज्योती आणि अपघाताचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा या दोन्ही सरकारी विम्यांचे मिळून 456 रुपये खात्यात अलग ठेवणे, आणि उरलेल्याच्या बँकेतच तीन लहान मुदत ठेवी, एक आखाजीला, एक मे अखेरीस आणि एक ऑगस्टमध्ये मोकळी होणारी. बाकीचे बँकेच्या आणि सरकारच्या हाती आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता लावता येतो, तर त्याच घरातल्या मोटारसायकलला महिन्याचा हप्ता आणि तो चुकला की दंड, हे कशासाठी? इंग्रजी अमलात शेतसारा ठरल्या तारखेला रोख भरावा लागे आणि माल विकण्याआधी तारीख आली की रयत सावकाराच्या दारात जाई. आज खाते आधारला जोडलेले आहे, भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) कापूस घेतला की रक्कम कोणत्या दिवशी जमा झाली ते बँकेच्या संगणकाला दिसते. त्याच दिवशी, शेतकऱ्याच्या संमतीने, पुढच्या वर्षाचा विमा हप्ता कापून घेण्याची सोय करायला नवा कायदा लागत नाही. ही मागणी बोदवडच्या बाजार समितीने आणि तालुक्यातल्या सोसायट्यांनी जिल्हा बँकेकडे लेखी करावी, आणि ती येत्या वेचणीआधी करावी.