शाई जपणाऱ्यांचा प्रिंटर

घरचा इंकजेट प्रिंटर वापरून झिजण्याआधी पडून राहूनच बिघडतो. हे आपल्या गळी उतरत नाही, कारण जपून वापरलं की वस्तू टिकते, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब. रिमोटचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घरात प्रिंटर येतो, तेव्हा पहिली तंबी मुलांना मिळते: रंगीत काढायचं नाही, शाई महाग आहे. मग मे महिनाभर तो कापडाखाली झाकलेला. जूनमध्ये शाळेच्या प्रोजेक्टसाठी सहलीचा फोटो काढावा, तर सगळ्यांचे चेहरे हिरवट.

हिरवट चेहरा म्हणजे मॅजेंटा शाई येत नाहीये. पिवळी अडली तर चेहरे गुलाबी-जांभळट होतात, सायन अडली तर तांबूस. खात्री करायला प्रिंटरच्या मेनूत ‘नोझल चेक’ असतं. त्या पानावर ज्या रंगाच्या रेघा तुटक येतील, त्याची छिद्रं बुजली. ही छिद्रं माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतात आणि त्यांतून पडणारा थेंब काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा तोंडाशी शाईतलं पाणी उडून जायला विदर्भातला उन्हाळाच हवा असं नाही, पण तो असला की काम लवकर होतं.

थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. कॅनन कंपनी सांगते, की १९७७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून निघालेल्या पद्धतीत इवलासा हीटर क्षणात शाईचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. एचपीचे प्रिंटरही असेच चालतात. एप्सन उष्णता वापरत नाही. तिथे वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. स्फटिकांचा विजेशी असलेला हा संबंध क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. दुरुस्तीला बसताना हा फरक कामाला येतो. हीटरवाल्या हेडला, म्हणजे छिद्रं असलेल्या भागाला, शाईच थंड ठेवते, म्हणून शाई संपलेली असताना छपाई रेटली तर हेड जळू शकतं. मात्र अशा अनेक प्रिंटरांत हेड शाईच्या कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यामुळे नवी कार्ट्रिज बसवली की हेडही नवं. स्फटिकवालं हेड दणकट, पण ते प्रिंटरच्या पोटात कायमचं बसवलेलं. ते गेलं की खर्च मोठा.

आता ‘हेड क्लीनिंग’चं बटण. माझ्या मते हे बटण इतकं हाताशी असायला नको होतं. ते दाबलं की हेड रबरी टोपीवर जाऊन बसतं, पंप छिद्रांतून शाई खेचतो आणि एक पाती तोंड पुसून घेते. ही खेचलेली शाई प्रिंटरच्या तळाशी स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते. वर्षभर मुलांना ओरडून वाचवलेली शाई शेवटी तिथे जाते! पॅडमध्ये किती शाई गेली याचा हिशोब प्रिंटर स्वतः ठेवतो. पॅड भरला की कित्येक मॉडेलं छपाईच थांबवतात, मग सर्व्हिस सेंटरची वारी.

चिडलेला माणूस हे बटण दाबतच सुटतो. त्यापेक्षा दोन-तीनदा दाबावं आणि रात्रभर प्रिंटरला हात लावू नये. तेवढ्या वेळात आत आलेली ताजी शाई वाळलेल्या शाईला मऊ करते, खेचाखेचीत नळ्यांत शिरलेली हवाही सुटायला वेळ मिळतो. सकाळी पुन्हा नोझल चेक काढलं, की पुष्कळदा आदल्या दिवशी तुटलेल्या रेघा जुळलेल्या दिसतात. काही तास थांबा, असं एप्सनच्या पुस्तिकेतही छापलेलं असतं. पुस्तिका मात्र खोक्यातच राहते.

एवढ्यानेही भागलं नाही आणि हेड निघणारं असेल, तर कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर छिद्रांची बाजू टेकवून ठेवावी. विजेचे तांब्याच्या रंगाचे संपर्कबिंदू कोरडेच राहिले पाहिजेत, आणि परत बसवण्याआधी सगळं नीट सुकलं पाहिजे. बोअरवेलचं पाणी अजिबात नको. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तसाच क्षार या छिद्रांतही बसेल. मेडिकलमधून सिरिंज आणून जोराने पाणी मारणारे वीरही भेटतात. त्या दाबाने आतले नाजूक भाग फुटतात आणि बरं होण्यासारखं दुखणं कायमचं होतं.

सवय बदलायची तर भिंतीवरच्या बटणापासून. प्रिंटर बोर्डावरून खटकन बंद केला आणि हेड मध्येच कुठे अडकलेलं असलं, तर ते टोपीशिवाय उघडं सुकत राहतं. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबावं, त्याची खडखड संपू द्यावी, मग भिंतीवरचं. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या रंगांच्या छोट्या पट्ट्या असलेलं एक पान काढावं. अख्खा फोटो लागत नाही. आम्ही तर रोज छापतो, असं म्हणणाऱ्या घरांतही छपाई बहुधा फक्त काळ्याची असते आणि रंगीत शाया मागे गुपचूप वाळत असतात.

वर्षाकाठी दहा-बारा पानंच निघत असतील, तर त्या घराने इंकजेट घेऊच नये, असं मला वाटतं. साधा काळा लेझर बरा. त्याचा टोनर म्हणजे मुळात कोरडी पूडच. रंगीत फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढावा. त्याच्या टेबलावरही पुष्कळदा आपल्या घरच्यासारखाच इंकजेट असतो, फक्त तो दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालूच असतो.