दोन चाकांमधला बंध

मिलिंद राजा बौद्ध भिक्खू नागसेनाकडे रथात बसून आला होता, म्हणून नागसेनाने त्याला रथाबद्दलच विचारलं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, ध्वजाचा दांडा? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला मान्य करावं लागलं की या सगळ्यांच्या जुळणीलाच आपण रथ म्हणतो, त्याहून वेगळी अशी रथ नावाची वस्तू नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या या इंडो-ग्रीक राजाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाला आहे. ते १९५० साली सुरू झालं आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. याच शहराजवळ वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, आसपास सुट्या भागांचे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. रथाचा प्रश्न ज्या गावाच्या नावांत राहिला आहे आणि जिथे गाड्यांची जुळणी हाच रोजचा धंदा आहे, तिथे नागसेनाच्या यादीत नसलेल्या एका भागाचा विचार व्हायला हवा. तो भाग म्हणजे डिफरन्शियल. त्याच्या आधाराने मला एक गोष्ट मांडायची आहे. दोन स्वतंत्र आणि समान घटकांनी एकत्र पुढे जायचं असेल, तर स्वातंत्र्य आणि समता पुरेशी होत नाहीत. त्यांच्यामध्ये परतफेडीवर अवलंबून नसलेला एक बंध आधीपासून असावा लागतो.

मिलिंदाच्या रथाला डिफरन्शियलची गरज नव्हती. घोडे ओढत होते आणि चाकं आसावर आपापली मोकळी फिरत होती, बैलगाडीची फिरतात तशीच. पण एकच इंजिन दोन चाकांना फिरवू लागलं की अडचण उभी राहते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये १.२ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत हा फरक सुमारे साडेसात मीटरचा पडतो, वळण लहान असो की मोठं. चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी आणि तरीही दोघांना जवळजवळ सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देणारी गिअरची रचना ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच माणसाने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी काढली. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये आजही तीच रचना आहे. गती ज्याची त्याची, जोर दोघांना सारखा. स्वातंत्र्य आणि समता यांचा इतका नेमका मेळ क्वचितच कुठल्या यंत्रात बसला असेल. आता पावसाळ्यात ही गाडी रस्त्याच्या कडेला उतरू द्या. उजवं चाक डांबरावर आहे, डावं काळ्या मातीच्या चिखलात. समजा, चिखलातलं चाक ५० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकतं आणि डांबरावरचं ४००. जोर दोघांना सारखाच मिळणार असल्याने डांबरावरच्या चाकालाही ५०च मिळतात. एकूण झाले १००. गाडी हलत नाही आणि चिखलातलं चाक गरगर फिरत राहतं. नियम कुठेही मोडलेला नाही, समता तंतोतंत पाळली गेली आहे, आणि तरीही दोन्ही चाकं जागच्या जागी आहेत.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की जोडून टाकणं. गो-कार्टमध्ये तसंच असतं. पण अशी गाडी वळते कशी, हे पाहण्यासारखं आहे. वळताना तिचं आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. दोघांना एकाच गतीत बांधलं की वळायच्या वेळी त्यातल्या एकाला कामातून काढावं लागतं, नाहीतर टायर रस्त्यावर घासत राहतात. म्हणून एकसारखं करणं म्हणजे जोडणं, असं मी मानत नाही. तिसरी वाट दोन चाकांच्या गतीतला फरक मर्यादेत ठेवणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलची. ती शर्यतीतून पुढे आली. १९३४ पासून ग्रां प्रीच्या गाड्यांना ७५० किलोची कमाल मर्यादा होती. ऑटो युनियन या कंपनीच्या अशा हलक्या गाडीची ताकद एकाच चाकाच्या फिरण्यात वाया जाऊ लागली, तेव्हा फर्डिनांड पोर्शेंनी झेडएफ कंपनीकडून असं डिफरन्शियल करून घेतलं.

आपल्याकडे सुटे भाग आणून घरी जुळवलेली किट कार रस्त्यावर दिसत नाही. तिच्या सर्वांत जवळची गाडी म्हणजे फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी बांधतात ती एका माणसाची गाडी. पेट्रोल इंजिन ७१० सीसीपर्यंत, हवा जायला २० मिलिमीटरचं भोक, आणि चालकासकट वजन तीनशे किलोच्या आसपास. इथे डिफरन्शियल निवडताना जो प्रश्न येतो तो मला खरा तात्त्विक वाटतो. गिअरवर चालणारा टॉर्सनसारखा प्रकार गुणोत्तरावर चालतो. घसरणारं चाक जितका टॉर्क पेलतं त्याच्या समजा तिप्पट तो दुसऱ्याला देतो. वरच्या चिखलात ५० आणि १५० मिळून २०० होतात आणि गाडी निघते. पण वळणावर आतलं चाक हवेत उचललं गेलं तर? शून्याची तिप्पट शून्यच. ज्या नात्यात तू देशील त्या प्रमाणातच मी देणार असं ठरलेलं असतं, ते एकाकडे काहीच उरलं नाही की त्याच क्षणी तुटतं, आणि नात्याची गरज नेमकी तेव्हाच असते. क्लच प्लेटांच्या प्रकारात यावर इलाज आहे. आतल्या स्प्रिंगा प्लेटांना आधीपासून दाबून धरतात. या दाबाला प्रीलोड म्हणतात. एक चाक हवेत असलं तरी प्रीलोडइतका टॉर्क दुसऱ्याला मिळतोच, कारण तो कोणाच्या पकडीवर अवलंबून नाही. मात्र तो किती ठेवायचा, हे गाडीच्या वजनाशिवाय ठरत नाही. बाराशे किलोच्या गाडीत जो प्रीलोड जाणवतही नाही, तोच तीनशे किलोच्या गाडीला संथ वळणावर वळू देत नाही. पुढच्या टायरांवर पुरेसा भार नसतो आणि गाडी नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. योग्य बंध म्हणजे मोकळ्या आणि जखडलेल्या या दोन टोकांची सरासरी नव्हे. बुद्धाच्या मध्यम मार्गाचा अर्थ मी असाच घेतो: प्रत्येक वेळी परिस्थिती तपासून ठरवलेला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी एकमेकींपासून तोडता येणार नाही असं बजावलं होतं. समतेवाचून स्वातंत्र्य हे थोड्यांचं अनेकांवर राज्य होईल, स्वातंत्र्यावाचून समता माणसाची उमेद मारेल, आणि बंधुता नसेल तर ही दोन्ही तत्त्वं अंगवळणी पडणार नाहीत, ती पाळायला लावण्यासाठी हवालदार लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा हवालदार आजच्या गाड्यांत प्रत्यक्ष आहे. मोकळं डिफरन्शियल तसंच ठेवून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, म्हणजे दुसऱ्याला जोर मिळतो. उपाय चालतो, मी तो नाकारत नाही. पण इंजिनाने दिलेली ताकद ब्रेकच्या उष्णतेत जाते, आणि मदत येते ती घसरणं सुरू झाल्यावर. पुढे बाबासाहेबांनी ही तीन तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचं सांगितलं आणि बंधुतेच्याही पलीकडे जाऊन मैत्रीवर भर दिला. मैत्री समोरच्याची लायकी किंवा परतफेड पाहत नाही. प्रीलोडचं स्थान यंत्रात जे आहे, ते विचारात मैत्रीचं आहे.

यंत्रावरून माणसाचं कर्तव्य काढता येत नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, मीही ते काढत नाही. नागसेनानेही रथावरून नीती शिकवली नव्हती, राजाच्या मनातली एक व्याख्या रथावर घासून पाहिली होती. संबंध नसणं म्हणजेच स्वातंत्र्य आणि सारखा वाटा म्हणजेच समता, ही आपली चालू व्याख्या आहे. ती दोन चाकांच्या बाबतीतही टिकत नसेल, तर समाजासाठी ती पुरेशी आहे असं सांगणाऱ्यानेच पुरावा दिला पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे डिफरन्शियल पकड असलेल्यालाच जास्त देतं, मग ही सबळांचीच सोय नाही का? इथे टॉर्क म्हणजे बक्षीस नव्हे, ओझं आहे. ज्याचे पाय टेकलेले आहेत तो जास्त ओढतो, आणि चिखलातलं चाकही त्याच्याबरोबर बाहेर येतं. शिवाय हे ओझं कायमचं कोणाच्या नावावर नसतं. पुढच्या वळणावर बाजू बदलते. जात ही श्रमांची नाही तर श्रमिकांचीच विभागणी आहे, या बाबासाहेबांच्या टीकेचा रोख नेमका इथे आहे: तिथे कोण ओढणार आणि कोण चिखलात राहणार, हे जन्मावरच पक्कं झालेलं असतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. स्प्रिंग आपोआप दाबत राहते, पण माणसांत असा विनाअट बंध आहे की नाही हे कळणार कसं? स्प्रिंगचंही आपोआप कळत नाही. प्लेटा झिजतात, प्रीलोड उतरतो, आणि कोरड्या सरळ रस्त्यावर चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मेकॅनिक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकवर उचलतो आणि उचललेल्या चाकाला टॉर्क रेंच लावून ते फिरायला किती जोर लागतो ते वाचतो. एक चाक उचलल्याशिवाय हा आकडा मिळत नाही. मराठवाड्यात तो एकदा मिळाला होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मंजूर केला. संविधान लागू होऊन २८ वर्षं झाली होती, मत सगळ्यांचं सारखं मोजलं जात होतं. ठरावानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून गेली. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला मिळालं ते १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्ताराच्या रूपाने.