बाळाची तारीख आणि घाटातला पाऊस

आषाढ कोसळतोय, हवामान खात्याने रेड अलर्ट दिलाय आणि चिपळूणच्या एखाद्या घरात बाळाची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आई तयार बसली आहे. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला डॉक्टरांकडे जायचंय. आजोबा म्हणतात, थांबा. बाबा म्हणतात, तारीख पुन्हा कधी मिळणार?

दोघांचंही काळजीपोटीच. पण उत्तर पावसात नाही, त्या फाइलमध्ये आहे: तारीख कशासाठीची, ते पाहा. नेहमीच्या लसीचा डोस चार दिवस लांबला तरी आधीचे वाया जात नाहीत, पुढून सुरू करता येतं. कुत्रा चावल्यावरची लस मात्र ठरल्या दिवशीच हवी. ती जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावी. थॅलेसेमियाच्या मुलाचं रक्त चढवणंही फार लांबवता येत नाही. तिथे अंदाज पाहून आदल्या दिवशीच घाट ओलांडावा, पाहुण्यांकडे मुक्काम करावा. आणि बाळ दूधच घेत नसेल, छाती आत ओढत श्वास घेत असेल, तर तारखेचा प्रश्नच उरत नाही. लगेच 108 लावा.

बाकी वेळी आधी डॉक्टरांना फोन करा, संकोच नको. त्यांचा नंबर आजच फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.