पुढं कोण चालणार?

धर्माबादच्या मोंढ्यात एक मुनीम होता. मिरचीचा हंगाम ऐन भरात असला तरी कुठल्या शेतकऱ्याची किती पोती आली, हे तो वही न उघडता सांगायचा. एका दिवाळीत त्यानं घरच्यांना जंगल दाखवायचं ठरवलं. घरात बायको, बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई.

बेत अर्थातच वहीत उतरला. पहाटे जीप काढायची. उमरी, भोकर, हिमायतनगर करत सहस्रकुंड. धबधबा बघून पैनगंगा अभयारण्यात आठ किलोमीटर पायी. किनवटला जेवण, मग माहूरला रेणुकामातेचं दर्शन आणि रात्री घरी. तासांची बेरीज बरोबर जुळली. बेरीज जुळली की मुनिमाला सगळंच जुळल्यासारखं वाटतं.

पोत्यावर टेकलेल्या म्हाताऱ्या हमालानं विचारलं, "काय लिहायलाव, मुनीमजी?"

मुनिमानं सगळं वाचून दाखवलं.

"एवढं चालणार कोण?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे तुमी. मायचे गुडघे या वहीत कुठं हायेत?" हमाल हसला. "दोघं मिळून पोतं उचलतात तवा उंच गड्याला वाकावं लागतं. ठेंगणा काही लांब होत न्हाई. उंच गडी ताठ उभा ऱ्हायला की पोतं ठेंगण्याच्या अंगावर येतं."

मुनीम घरी गेला आणि पहिल्यांदाच त्यानं बेत करण्याआधी माणसांना विचारलं. आई म्हणाली, "बसायला सावली कुठं हाय? आन् बायकांना आडोसा?" हे दोन प्रश्न वहीत नव्हतेच. धाकटी म्हणाली, "माझी बाटली मीच धरणार." मुलाला धबधब्याच्या अगदी जवळ जायचं होतं. बायकोनं एवढंच विचारलं, "रात्री घरी आल्यावर चूल कोण पेटवणार?"

माहूर गळालं. मुनिमाला वाईट वाटलं, पण आईच म्हणाली, "रेणुकामाता कुठं पळून चालली का?" अभयारण्याचं त्यानं वनखात्याच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, परवानगी आणि माहितगार सोबत असल्याशिवाय आत पायी शिरू नका, अस्वलं आहेत, बिबट्या आहे. लेकरांना घेऊन हे नको, म्हणून तेही गळालं. उरली फक्त सहस्रकुंडाजवळची नदीकाठची वाट. तीही सकाळचीच, कारण दिवाळीत सहाच्या आत सूर्य बुडतो आणि परतीचा रस्ता लांबचा.

शिदोरीला धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. पाणी भरपूर, कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी.

वाटेवर धाकटी पुढं, तिच्यामागं आजी, मुनीम सगळ्यात मागं. धाकटीचं काय, दहा पावलांवर थांबायचं. मुंग्यांची रांग, किड्यांनी खाऊन जाळी केलेलं सागाचं पान, सगळं तिला बघायचं. मुलगा कुरकुरला, "असं कधी पोचणार?" मुनिमाच्याही पायांना घाई सुटली होती. पण पुढं जायची सोय नव्हती, आई मध्ये होती.

एका जागी सागाचा कोवळा फुटवा होता. बायकोनं त्याचं पान खुडून मुलीच्या तळहातावर चोळलं. हात लालभडक झाला. "मिरची!" म्हणत पोरगी हात झटकायला लागली आणि मोंढ्यातल्या माणसाची लेक कशाला भितेय, म्हणून सगळे हसले. कुरकुरणारा मुलगाही पान शोधायला वाकला.

पुढं काळ्या खडकावर पैनगंगेच्या धारा फुटून कोसळत होत्या. पावसाचं पाणी अजून होतं. वर इसापूरचं धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते. शिवाय खडकावर शेवाळ. म्हणून मुनिमानं मुलाला काठापासून लांब धरून ठेवलं. या बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकायला तयार नव्हता. आई सावलीत बसून बघत राहिली आणि निघायची वेळ झाली तरी उठेना.

सगळं मिळून दीड किलोमीटरही चालणं झालं नसेल.

आता मोंढ्यात कुणी विचारतं, "मुनीमजी, सहस्रकुंडाला चालणं किती पडतं?" तर तो आकडा सांगत नाही. "संगं कोण कोण हाय?" असं उलट विचारतो. घाईतल्या गिऱ्हाइकांना याचा राग येतो. हमाल मात्र पोत्यावरनं ओरडतो, "सांगा की मुनीमजीला, म्हातारं कोण हाय ते!"