खिळा कोण धरणार?

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख सध्या काळंनिळं आहे. ऑफिसात तिघांनी विचारलं, दारात सापडलं का? मी हो म्हणून टाकलं. खरं कारण सांगायला बसलो असतो तर चहा गार झाला असता.

आम्ही राहतो दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात. एका अंगाला आयएनए मार्केट, दुसऱ्या अंगाला सरोजिनी नगर, मधे ही सरकारी क्वार्टर्स. मेच्या सुट्टीत ब्लॉकमधल्या पोरांनी लाकडी मोटारींची शर्यत काढली. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तिकडून ही कल्पना आली. तिकडे याला 'पाइनवुड डर्बी' म्हणतात. विमानाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला 1953 च्या मेमध्ये ती सुरू केली. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. आत बसून उतारावरून सोडायच्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत त्याला वयामुळे घेईनात. मग बापाने तळहाताएवढी गाडी काढली. चिडाचा सात इंची ठोकळा, चार चाकं, चार खिळे, वजन पाच औंसांच्या आत. इंजिन नाही, सेल नाही. उतारावर ठेवायची आणि सोडून द्यायची. बाप-लेकांनी एकत्र बसून काहीतरी करावं, एवढाच हेतू.

आमच्या पोरांनी वजनाची हद्द दीडशे ग्रॅम ठरवली. ट्रॅक म्हणजे कुणाच्या तरी पलंगाची जुनी प्लाय, एक टोक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टेकवलेलं. ठोकळे कोटला मुबारकपूरला हार्डवेअरच्या गल्लीत मिळाले, पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड. चाकांना आम्ही कॅरमच्या जुन्या सोंगट्या घेतल्या. तिथल्याच एका सुताराने मधोमध भोकं पाडून दिली.

पहिल्या रविवारी काय झालं, तर पोरं पार्कात क्रिकेट खेळत होती आणि जिन्याखाली चार बाप वाद घालत बसले होते. वजन पुढे हवं की मागे? (मागे. उतारावर मागचं टोक उंच असतं, तिथलं वजन जास्त उंचीवरून खाली येतं.) एकाने यूट्यूबवर पाहिलं होतं, चौथं चाक केसभर वर उचलायचं, म्हणजे तीनच चाकं घासतात. एकजण पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड आसाला चोळत होता. भाईसाहब, इधर दिखाइए, नहीं नहीं, ऐसे नहीं. मीही त्यात होतो आणि मला फार मजा येत होती, हे कबूल करतो. अमेरिकेतही हेच होतं म्हणे. कित्येक ठिकाणी बापांची शर्यत वेगळी ठेवतात, निदान पोरांच्या गाड्या तरी सुटाव्यात म्हणून.

माझी मुलगी नऊ वर्षांची. तिने गाडीचं नाव 'बादल' ठेवलं. झाशीच्या राणीच्या घोड्याचं नाव ते, आणि नगर राणीचं, म्हणून. पॉलिश पेपर तिने स्वतः मारला, पिवळा रंगही तिनेच दिला, ब्रशचा एक केस रंगात चिकटला तो तसाच वाळू दिला. चाकंही तिनेच ठोकली. त्यातलं पुढचं उजवं चाक बघवत नव्हतं. खिळा तिरका गेलेला, डोकं वाकलेलं, सोंगटी फिरताना लडबडायची.

रात्री ती झोपल्यावर मी तो खिळा उपसला आणि नवा सरळ ठोकला. वॉशर घातला. चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. समाधानाने दिवा घालवला.

सकाळी दूध पिता पिता तिने गाडी उलटी केली आणि विचारलं, ‘‘बाबा, माझा खिळा कुठंय?’’

मी म्हटलं, अगं, तो वाकला होता.

‘‘माहितीये. मीच वाकवला होता.’’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. खिळा कचऱ्याच्या डब्यात होता. तिने तो शोधून काढला, धुतला आणि टेबलावर ठेवला. रडली असती तर बरं, असं मला वाटून गेलं.

दिवसभर फायली उपसताना मला नागपूर आठवत राहिलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल, त्यांना झूल, गोंडे, घुंगरं. बैलाला दोरी बांधून ओढत ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मागायचा. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजींनी ही प्रथा घातली असं सांगतात. हल्ली पुरुषभर उंचीचेही बैल निघतात आणि सजावटीची बक्षिसं बापांनाच पावतात, ते सोडा. माझा बैल वीतभर. धड सुताराने करून दिलेलं, पण पाटाला चाकं मी ठोकली होती आणि खिळा बाबांनी धरला होता. तो बैल कधी सरळ चालला नाही. डावीकडे ओढायचा. गल्लीतून जाताना दोनदा नालीत गेला, झूल माखली, आईने ती नळाखाली धरली. बाबा कचेरीत कारकून, आयुष्य आकड्यांत गेलेलं, रेघ वाकडी गेलेली त्यांना लांबून दिसायची. ते चाक त्यांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी घरी आलो, पक्कड घेतली आणि माझा खिळा काढला. तिचा खिळा तिने आणि मी मिळून पाट्यावर ठेवून जमेल तेवढा सरळ केला. मग मी तो सोंगटीच्या भोकातून घालून दोन बोटांत धरला आणि हातोडी तिच्याकडे दिली. पहिले तीन घाव बरोबर बसले. चौथा माझ्या अंगठ्यावर.

ती घाबरली. मी ओरडलो, हे खोटं कशाला सांगू? बर्फ आणला, बोट त्यात बुडवलं. मग ती म्हणाली, ‘‘धरा ना परत, अर्धाच गेलाय.’’ धरला. या वेळी मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे पुढचे घाव कसे बसले ते मला सांगता येणार नाही, पण खिळा आत गेला. थोडा तिरका.

‘बादल’ नऊ गाड्यांत पाचवी आली. दोनदा प्लायच्या कडेला घासली, पण खाली पडली नाही. पहिली कुणाची आली ते मी लिहीत नाही, ते गृहस्थ माझ्याच खात्यात आहेत आणि त्यांनी गाडीवर फार मेहनत घेतली होती.

पोळ्याला अजून अवकाश आहे. कोटल्याच्या सुताराला सांगून ठेवलंय की बैलाचं नुसतं धड कापून दे. कान, शिंगं, चाकं काही नको. बैल म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, हे त्याला हिंदीत समजावताना थोडी पंचाईत झाली, शेवटी मुलीने कागदावर काढून दाखवला. तोवर नख बरंचसं वर सरकलेलं असेल. खिळा मीच धरणार आहे.