कपींचे देहमान आणि जीवाचा प्रश्न

शेपूट नसलेल्या मानवसदृश वानरांना प्राणिशास्त्रात कपी म्हणतात. आफ्रिकेतील गोरिला, चिंपँझी व बोनोबो, सुमात्रा-बोर्निओतील ओरांगउटान आणि अंगाने लहान असलेले आशियाई गिबन एवढ्यांचा त्यांत समावेश होतो. ईशान्य भारताच्या जंगलांत राहणारा हूलॉक हा या गिबनांपैकीच एक. या प्राण्यांच्या देहाची मापे घेण्याचा उद्योग युरोपात तीन शतकांहून अधिक काळ चालला आहे, पण तो निव्वळ प्राणिशास्त्राचा क्वचितच राहिला. मनुष्यात जे विशेष आहे, मग त्याला आत्मा म्हणावे, बुद्धी म्हणावे की वाणी, ते देहाच्या घडणीतून निपजते की देहात बाहेरून येऊन वसते, हा प्रश्न मोजणाऱ्यांच्या मनात बहुधा आधीपासूनच असे.

मापे स्वतः काय सांगतात ते आधी पाहिले पाहिजे. प्रौढ चिंपँझी नराचे वजन साधारण 40 ते 60 किलो भरते आणि दोन पायांवर उभा राहिला तरी त्याची उंची दीड मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. मादी याहून हलकी असते. हात पायांपेक्षा लांब असल्याने तो बोटांची पेरे जमिनीवर टेकून चालतो, आणि पायाचा अंगठा इतर बोटांसमोर येत असल्याने पायानेही फांदी पकडू शकतो. गोरिलाचा पूर्ण वाढलेला नर दीडशे किलोंच्या पुढे जातो, तर गिबनांच्या बहुतेक जाती दहा किलोंच्या आतल्या. चिंपँझीच्या मेंदूचे आकारमान 400 घन सेंटिमीटरच्या आसपास, गोरिलाचे त्याहून थोडे अधिक, आणि माणसाचे साडेतेराशेच्या घरात आहे. चिंपँझीच्या अंगी माणसाच्या पाचपट बळ असते अशी जी समजूत दीर्घकाळ रूढ होती, ती मात्र टिकलेली नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या स्नायूंच्या अभ्यासानुसार वजनाच्या प्रमाणात त्याचे स्नायू माणसाच्या स्नायूंपेक्षा दीडपटीहूनही कमीच सरस ठरतात. अचाट बळाची कल्पना माणसाला सोयीची होती, कारण तिच्यामुळे पशू पूर्णपणे पशूच राहत असे.

इंग्लिश वैद्य एडवर्ड टायसन याने 1699 साली अंगोलाहून लंडनला आणलेल्या एका लहान वयाच्या चिंपँझीच्या विच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याने मनुष्याशी जुळणारी 48 आणि इतर वानरांशी जुळणारी 34 लक्षणे नोंदली. स्वरयंत्र आणि मेंदू त्याला मनुष्यासारखेच दिसले. यावरून मनुष्य हा वानरांपैकीच एक, असा निष्कर्ष आजचा वाचक काढील. टायसनने नेमका उलटा काढला: बोलण्याची व विचाराची सर्व इंद्रिये असूनही हा प्राणी बोलत नाही, विचार करत नाही, त्या अर्थी वाणी व विचार हे इंद्रियांच्या रचनेचे फळ नसून त्यांच्यामागे जड द्रव्याहून श्रेष्ठ असे काही तत्त्व असले पाहिजे. म्हणजे देहाचे साम्य जितके अधिक, तितका आत्म्याच्या वेगळेपणाचा पुरावा भक्कम.

डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस कांपर याने 1779 साली याच्या विरुद्ध बाजू मांडली. ओरांगउटानच्या गळ्यात स्वरयंत्राला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्यामुळे स्पष्ट उच्चार होऊच शकत नाहीत, असे त्याने विच्छेदनावरून दाखवले. मनुष्याचे वेगळेपण येथे शरीरातच सापडले होते, आणि त्यानेही अनेकांचे समाधान झाले. अवयव सारखे असले तरी माणूस श्रेष्ठ, वेगळे असले तरी माणूस श्रेष्ठ! ज्या सिद्धान्ताला पुरावा कोणत्याही बाजूने मिळाला तरी चालतो, त्याला त्या पुराव्याची खरी गरज नव्हती असेच म्हटले पाहिजे.

पुढील प्रयोगांनी गुंता वाढवला. अमेरिकेत माणसांच्या घरात वाढवलेल्या विकी या चिंपँझीला 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे खटपट करूनही तीन-चार शब्दांपलीकडे उच्चारता आले नाही. 1966 पासून वाशो या चिंपँझीला मूकबधिरांच्या खुणांची भाषा शिकवली गेली तेव्हा ती शंभराहून अधिक खुणा करू लागली, पण अशा खुणांना वाक्य म्हणता येईल काय, याविषयी 1979 नंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या. 2016 साली मॅकाक माकडांच्या कंठमार्गाचे क्ष-किरण चित्रण करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की कळण्याजोगे ध्वनी काढण्यास तो मार्ग पुरेसा आहे, उणीव आहे ती त्यावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या व्यवस्थेची. टायसनच्या म्हणण्यातला अर्धा भाग यामुळे पुन्हा उभा राहिला. मात्र श्रेष्ठ तत्त्वाच्या जागी आता मज्जातंतूंची जोडणी आली होती.

ख्रिस्ती धर्मविचाराने या वादातून काढलेली वाट लक्षणीय आहे. पोप बारावे पायस यांनी 1950 च्या परिपत्रकात मानवी देह पूर्वीच्या सजीव द्रव्यातून आला असण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यास मुभा दिली, पण आत्मा प्रत्येक वेळी ईश्वराकडून थेट निर्माण होतो ही श्रद्धा कायम ठेवली. देह मोजणाऱ्यांकडे सोपवून आत्मा त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवण्याची ही व्यवस्था तर्काला धरून आहे. तिची किंमत एवढीच की कपीच्या बाजूला नेमके काय उरते, हे ती फारसे बोलत नाही.

जीव आणि देहमान यांचा संबंध भारतीय दर्शनांत वेगळ्याच ठिकाणी चर्चिला गेला. जैन मतानुसार जीव हा देहपरिमाण आहे, म्हणजे ज्या शरीरात तो असतो त्या शरीराएवढा असतो. दिव्याचा प्रकाश जसा लहान खोलीत आकुंचतो आणि मोठीत पसरतो तसे त्याचे होते, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी याला हरकत घेतली: मनुष्याएवढा जीव कर्मवशात हत्तीच्या जन्माला गेला तर तो देह भरणार नाही, आणि मुंगीच्या जन्माला गेला तर त्यात मावणार नाही, आकुंचन-प्रसरण मानावे तर विकारी वस्तूप्रमाणे जीवही अनित्य ठरेल. आक्षेप तार्किकदृष्ट्या जड आहे. तरीही दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, आणि टायसन व कांपर या दोघांनाही तीच अवघड गेली असती: तोच जीव मनुष्याचाही होऊ शकतो आणि वानराचाही. त्यामुळे देहाच्या मापावरून जीवाचा दर्जा ठरवण्याचा प्रश्नच येथे त्या रूपात उद्भवत नाही.

दर्जा अजिबात नाही असे मात्र नाही. जैन वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवर आणि मन असण्या-नसण्यावर चालते, आणि त्या हिशेबाने चिंपँझी हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे पाच इंद्रिये व मन असलेला पशू ठरतो. मोक्ष मात्र मनुष्यदेहातूनच मिळतो. ही उतरंड उघड आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

या उतरंडीचे महत्त्व अलीकडच्या न्यायालयीन वादांत अनपेक्षितपणे दिसते. पिंजऱ्यात ठेवलेल्या टॉमी या चिंपँझीच्या सुटकेची याचिका न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2014 साली फेटाळली, ती त्याचा मेंदू लहान म्हणून नव्हे, तर जो कर्तव्ये पेलू शकत नाही त्याला हक्क देता येत नाहीत म्हणून. 2016 साली अर्जेंटिनातील मेंडोसाच्या न्यायालयाने सेसिलिया या चिंपँझीला मात्र मानवेतर हक्कधारक मानून तिची ब्राझीलमधील अभयारण्यात रवानगी करण्याचा आदेश दिला. कर्तव्याची ही कसोटी लावली तर लहान बालक किंवा भान हरपलेला वृद्धही तिच्यात बसत नाही, हा आक्षेप सर्वज्ञात आहे. जैन ग्रंथ त्याहून पुढचे सांगतात: संज्ञी पंचेंद्रिय पशू अणुव्रते, म्हणजे गृहस्थाची मर्यादित व्रते, पाळू शकतो आणि आत्मिक उन्नतीच्या चौदा पायऱ्यांपैकी, म्हणजे गुणस्थानांपैकी, पाचवीपर्यंत चढू शकतो. ज्ञाताधर्मकथेतील हत्ती उचललेल्या पायाखालच्या जागेत आश्रयाला आलेला ससा चिरडू नये म्हणून पाय तसाच अधांतरी धरून ठेवतो, आणि ग्रंथकार ते स्वाभाविक वर्तन न मानता त्या हत्तीने आचरलेली अनुकंपा मानतो, जिच्या बळावर त्याला पुढे मनुष्यजन्म मिळतो.