डोळे कशाने भरावेत?

माणूस जन्मल्यापासून डोळ्यांचा भुकेला आहे. तान्हे मूल दिव्याकडे टक लावून बघते, आणि थकलेला म्हातारा ओसरीवर बसून रस्त्याने जाणारा-येणारा न्याहाळतो. ही भूक काही वाईट नव्हे. परंतु पोटाच्या भुकेचा जसा विचार करावा लागतो, काय खावे, किती खावे आणि कोणाच्या पंगतीला बसून खावे, तसा तो डोळ्यांच्या भुकेचाही करावा लागतो. तो आपण सहसा करीत नाही.

हल्ली विमानाने जगभर फिरून येणारी कुटुंबे पुष्कळ झाली आहेत. आईबाप, पोरंबाळं, कधी आजी-आजोबाही. घरी परतल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "काय काय पाहिलंत?" मग यादी सुरू होते. इतके देश, इतकी शहरे, हा मनोरा, तो धबधबा. फोनमधली चित्रे बोटाने सरकवून दाखविली जातात, आणि दहाव्या चित्राला पाहणाऱ्याला जांभई येते. यात चेष्टा करण्यासारखे काही नाही. आपणही तेच करतो. परंतु "एवढे पाहून आलात, त्याने तुमच्यात काय पालटले?" हे कुणी विचारीत नाही, आणि विचारले तर उत्तर देताना माणूस गडबडतो.

या प्रश्नाला ज्यांना खरोखर सामोरे जावे लागले अशा एका कुटुंबाची हकीकत सांगतो. कॅनडा देशातील मॉन्ट्रियल शहरचे हे कुटुंब. आईवडील आणि चार मुले: थोरली मुलगी, तिच्या पाठचे तीन भाऊ. मुलीला लहानपणापासून नीट दिसेना. पुष्कळ तपासण्या झाल्यावर २०१८ साली डॉक्टरांनी निदान केले की तिला 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' नावाचा डोळ्यांचा आनुवंशिक रोग आहे. पुढच्याच वर्षी कळले की दोन धाकट्या मुलांनाही तोच रोग आहे. चौघांपैकी एकच मुलगा तेवढा त्यातून सुटला.

हा रोग कसा असतो ते थोडक्यात समजून घेऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. या रोगात त्या पेशी हळूहळू मरतात. अंधुक उजेडात दिसण्यासाठी लागणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून पहिली खूण रातांधळेपणाची. पुढे बाजूचे दिसणे कमी होत जाते, आणि नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसू लागते. मग पुष्कळांचे तेही मावळते. जगात सुमारे ४,००० माणसांमागे एकाला हा रोग असतो. अनेकदा आईबाप स्वतः धडधाकट असतात आणि दोष दोघांच्याही रक्तात झाकलेला असतो. या मुलांच्या प्रकारावर रोग थांबवील असा उपाय नव्हता. मध्यम वयापर्यंत दृष्टी जाणार, एवढेच आईवडिलांना सांगण्यात आले.

(जाता जाता एक सांगून ठेवतो. संध्याकाळनंतर मूल चाचपडत असेल तर "होईल बरं" म्हणून बसू नये. रातांधळेपणा जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्यानेही येतो, आणि तो वेळीच उपचार केल्यास बरा होतो. कारण कोणते ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.)

मुलीच्या शाळेतून पुढची तयारी चालू असताना तिथल्या एका जाणकार बाईंनी आईला सुचविले, की मुलीच्या मनात आतापासून चित्रे साठवा. हत्ती, जिराफ यांची पुस्तके तिच्यापुढे ठेवा, म्हणजे पुढे दिसेनासे झाले तरी हत्ती कसा असतो हे तिला आठवेल. आईच्या मनाने घेतले, की मग पुस्तकातला हत्ती कशाला? खराच दाखवू! वडील ज्या कंपनीत नोकरीला होते ती विकली गेली आणि त्यांच्या भागांचे काही पैसे हाती आले. २०२० साली निघायचे ठरले होते. महासाथीने ते राहिले. अखेर मार्च २०२२ मध्ये सहाही जणांनी घर सोडले आणि सुमारे वर्षभर ते जगभर हिंडले. आफ्रिकेत नामिबिया, झांबिया, टांझानिया; मग तुर्कस्तान, मंगोलिया, इंडोनेशिया असे पुढे. मुलांनी काय काय करायचे याची यादी केली होती. मुलीला घोड्यावर बसायचे होते. सगळ्यांत धाकट्याची इच्छा होती, उंटावर बसून फळांचा रस प्यायचा!

वाचकहो, हसू येते ना? पण हसून झाल्यावर जरा थांबावे. आईबाप साऱ्या पृथ्वीचा विचार करीत होते, आणि त्या पोराला हवा होता एक उंट आणि एक पेला रस. याच पोराने प्रवासात आईला विचारले, की आंधळे होणे म्हणजे काय, मला मोटार चालविता येईल का? पाच वर्षांचे लेकरू. काय उत्तर द्यावे त्या माउलीने? आईवडिलांनी खोटे सांगितले नाही, एवढे मात्र त्यांनी केले. सत्य त्याच्या वयाला पेलेल अशा घासाघासाने दिले.

आता नीतीचा प्रश्न. हे त्यांनी योग्य केले काय?

पहिला आक्षेप पैशाचा. कुणी म्हणेल, ज्यांच्या खिशात होते ते गेले. हजारो घरांत अशी पोरं आहेत, त्यांना तालुक्याच्या गावी तपासायला नेण्याची पंचाईत. आक्षेप खरा आहे आणि तो झाकू नये. परंतु त्यावरून एवढेच निघते की जगप्रवास हे दुःखावरचे औषध म्हणून कुणाला सांगता येणार नाही. ज्या आईबापांच्या हाती पैसा आला त्यांनी तो लेकरांबरोबरच्या वेळात घातला, यात पाप कुठले?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. साठविलेली चित्रे टिकतात का? मनाच्या कोठारात हत्ती भरून ठेवला, तर तो वीस वर्षांनी तिथे सापडेल का? याविषयी दोन माणसांचे अनुभव नोंदलेले आहेत, आणि मौज अशी की ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन हल नावाचे प्राध्यापक होते. वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि पुढच्या काही वर्षांत आतली चित्रेही पुसली गेली. बायकोचा आणि थोरल्या मुलीचा चेहरा आठवेना. स्वतःचा चेहराही आठवेना! उलट ऑस्ट्रेलियातील झोल्टन टोरी यांची दृष्टी १९५१ साली, एकविसाव्या वर्षी, कारखान्यातील अपघाताने गेली. त्यांनी आतल्या चित्रांना रोज तालमीसारखे जोपासले. ती इतकी स्पष्ट झाली की पुढे त्यांनी एकट्याने, रात्रीच्या काळोखात, घराच्या छपराच्या पन्हळी बदलल्या. शेजाऱ्यांची घाबरगुंडी उडाली. टोरींना मात्र दिवस काय आणि रात्र काय!

म्हणजे चित्र टिकेल किंवा टिकणार नाही. त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. मग केवळ चित्रांच्या आशेवर वर्षभर हिंडणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे ठरत नाही का?

येथे तिसरा एक माणूस आठवतो. जेम्स होल्मन, जन्म १७८६. इंग्रजी आरमारात अधिकारी होता आणि पंचविसाव्या वर्षी पूर्ण आंधळा झाला. त्यानंतर त्याने काय करावे? हा गृहस्थ जग हिंडायला निघाला! हातातली काठी आपटीत, तिच्या नादावरून जागेचा अंदाज घेत, १८२७ ते १८३२ या काळात त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; आपल्या हिंदुस्थानातही तो येऊन गेला. तो स्थानिक माणसांशी बोले, वस्तू हाताने चाचपी, वास घेई, विचारी; आणि डोळसांच्या तोडीचे प्रवासवर्णन त्याने लिहिले. ज्याच्या डोळ्यांत एकही नवे चित्र शिरण्याची सोय नव्हती, त्याने जग कशाने पाहिले म्हणावे? आणि आपल्या विदर्भातले गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेली, चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. तेवढ्या काळात दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, सांगून सांगून, केवढी ग्रंथरचना करून गेले! डोळा हा ज्ञानाचा मोठा दरवाजा खरा. पण घराला तो एकच दरवाजा आहे असे नाही.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. असल्या थोर उदाहरणांनी हुरळून "अंधत्व म्हणजे वरदानच हो!" असे बोलणारे लोक भेटतात. ज्याची दृष्टी जाते आहे त्याच्यापुढे असे बोलणे निर्दयपणाचे आहे. अंधत्व हे दुःख आहे. दुःखाला गोड नावे देऊन ते हलके होत नाही; शेजारी कुणी बसले तर थोडे हलके होते.

आणि या कुटुंबाच्या प्रवासाचे वर्म मला इथेच दिसते. निघताना हेतू होता चित्रे साठविण्याचा. परंतु प्रवासात आणि प्रवासानंतर आईवडील बोलले ते बहुतेक निराळेच. मुले नव्या मुलुखाला, नव्या अन्नाला, नव्या माणसांना चटकन सरावली; त्यांची जिज्ञासा वाढली; अडचण आली तर रडत न बसता वाट काढू लागली. आईला त्यांना हेही दाखवायचे होते, की आपल्या घरात नळाला पाणी येते, शाळेत रंगीत पुस्तके मिळतात, हे जगात सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पुढे आयुष्य कितीही कठीण झाले तरी एवढे भाग्य आपल्याला लाभले होते. आता पाहा, यातली कोणती गोष्ट डोळ्यांच्या पडद्यावर अवलंबून आहे? पेशी मरतील, हत्तीचे चित्र कदाचित पुसट होईल. परंतु अनोळखी जागी पाऊल टाकण्याचे धैर्य, मिळाल्या गोष्टीची कदर, आणि ठेच लागली तर हात द्यायला बहीण-भाऊ आहे हा भरवसा, यांना अंधार शिवत नाही. पुढे अंधारात लागणारी शिदोरी नेमकी हीच.

त्या चौथ्या, डोळस राहणाऱ्या मुलाचाही विचार मनात येतो. त्याच्यासाठी तर चित्रे साठविण्याची घाई नव्हती. पण तिघांचे काय होणार आहे हे जाणून तो वर्षभर त्यांच्याबरोबर चालला, खेळला, भांडला. उद्या 'समोर काय दिसतं रे?' असे भावंडांनी विचारले, तर ती उत्तरे बहुधा त्याच्याच तोंडून यायची. जगप्रवासाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित त्यालाच झाला असेल.

हे समजायला वारकऱ्याला फार सायास पडू नयेत. आळंदीहून पंढरीपर्यंत कोस न् कोस तुडवीत गेलेल्या लाखो माणसांपैकी आषाढीला कितीजणांना गाभाऱ्यात जायला मिळते? पुष्कळ जण कळसाला हात जोडतात, पायरीला डोके टेकवतात आणि माघारी फिरतात. म्हणून त्यांची वारी फुकट गेली असे आपल्यात कुणी म्हणत नाही. दिंडीत शेजारच्याला तांब्याभर पाणी दिले, म्हातारीचे गाठोडे उचलले, पावसात एका पालाखाली दहाजणांनी रात्र काढली. वारी अंगात मुरते ती अशी. कुटुंबाने केलेल्या कोणत्याही प्रवासाला हीच कसोटी लावून पाहावी. काय पाहिले हे विचारावेच, पण त्यासोबत हेही विचारावे, की वाटेत एकमेकांना काय झालो?

आणि यासाठी विमानाचे तिकीटच पाहिजे असे थोडेच आहे? त्या आईबापांना डॉक्टरांनी मुदत सांगितली, म्हणून वेळेची किंमत कळली. आपल्याला मुदत सांगितलेली नाही एवढाच फरक; ती आहे हे काही खोटे नाही. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आपण शेवटच्या नीट कधी पाहिल्या? शाळेतून आलेले पोर दारात काहीतरी सांगत उभे असते आणि आपण हातातल्या फोनकडे बघत "हं, हं" करतो. तिथे आपल्या पडद्याच्या पेशी शाबूत आहेत. तरीही आपल्याला दिसत नाही.

तेव्हा ज्यांना साधेल त्यांनी अवश्य जग पाहावे, पोरांना दाखवावे, हत्ती पाहावे, समुद्र पाहावे. ज्यांना नाही साधत त्यांनी पोरांना घेऊन गावची टेकडी चढावी. वाटेत पोर म्हणेल, "मला उंटावर बसून रस प्यायचाय." उंट नसेल मिळत, पण ते काय म्हणते आहे ते उभे राहून, त्याच्याकडे बघून, पुरते ऐकावे. डोळे भरायचे ते इथूनच सुरू होतात.

असो. विचार करावा, ही विनंती.